मूकपटाच्या पाट्या

रामराव आस्वलेंना रशियन येतं, ही गोष्ट वणीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. ज्यांना ठाऊक होती त्यांनाही त्याचं काही करायचं नव्हतं. राजूरकडच्या कोळसा खाणीत ते पाळीवर देखरेख ठेवणारे ओव्हरमन होते. तरुणपणी, सोव्हिएत मशिनी येणार म्हणून काही जणांना तिकडे शिकायला पाठवलं, त्यात त्यांचा नंबर लागला होता. दीड वर्ष राहून ते परत आले. पुढे मशिनी आल्या, आपापलं आयुष्य चालल्या, भंगारात गेल्या. रामरावही रिटायर झाले. भाषा तेवढी उरली, आणि ती वापरायला समोर माणूस नव्हता.

तसं समोर माणूस नसणं आता घरातही होतं. मुलगी अर्पिता हैदराबादला नोकरीत. तिला बाळ झालं तेव्हा इंदूबाई दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. बाळ बसायला लागलं, चालायला लागलं, दुसरी दिवाळी येऊन गेली, इंदूबाई तिकडेच. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. अर्पिता आणि जावई दोघंही कामावर जायचे, बाळाला कुणीतरी पाहिजे होतं. रामरावांना शेत सोडवत नव्हतं. चार एकरांत तूर आणि कपाशी. रोज सकाळी स्कूटरने जायचं, डुकरांनी काय नासलं ते बघायचं, दुपारी येऊन सकाळचंच वरण गरम करायचं. संध्याकाळी इंदूबाईंचा फोन यायचा. "जेवले का?" "जेवलो." "काय केलतं?" "वरण-भात." मग बाळ रडायचं आणि फोन ठेवला जायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी निकिता. यवतमाळहून बोलून राह्यली. तुमाले रशियन येते म्हणते, खरं का?"

कुणीतरी चेष्टा करतंय असं रामरावांना वाटलं. "यायची," ते म्हणाले. "आता कोणासंगं बोलणार?"

निकिताने सांगितलं ते असं. ती आणि तिचे मित्र मिळून जुन्या मूकपटांना नवं संगीत देतात. पडद्यावर सिनेमा चालू असताना समोर बसून वाजवायचं, अशी त्यांची पद्धत. ह्या वेळी शंभर वर्षांपूर्वीचा एक रशियन सिनेमा त्यांनी निवडला होता. पण मधेमधे येणाऱ्या पाट्या रशियनमध्ये, आणि कॉपी इतकी धुरकट की मोबाईललाही ती अक्षरं वाचता येईनात. कुणीतरी तिला सांगितलं, वणीला खाणीतले आस्वले काका रशियाला गेलते, त्यांना विचार.

"पाट्या तुमी मराठीत सांगायच्या, माईकवर. आमी वाजवतो, तुमी बोलता. जमन का काका?"

"मूकपट?" रामरावांनी विचारलं. "मी पाह्यलेत. तिकडंच."

त्या रात्री जेवताना त्यांना खाणकामगारांचा तो क्लब आठवला. तिकडे जाऊन महिना झाला होता. भाषा येत नव्हती, थंडीने कान बधिर व्हायचे, आणि होस्टेलमधली माणसं हसली की आपल्यालाच हसली असं वाटायचं. रविवारी क्लबात सिनेमा दाखवत. बोलपट असला की रामराव अर्ध्यातून उठून जायचे. पण कधीकधी जुना मूकपट लावत. पडद्याच्या बाजूला पियानो होता. केसांचा पांढरा अंबाडा घातलेली एक म्हातारी बाई त्यावर बसून, नजर पडद्यावरच ठेवून वाजवायची. मूकपटात सगळा हॉलच गप्प. पडद्यावरची बाई रडली तर ती का रडली हे रामरावांना शेजारच्या रशियन माणसाइतकंच कळायचं. तिथे ते परके नसत. पुढे भाषा आली तरी ते मूकपट बघायला जातच राहिले. परत आल्यावर हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं. इंदूबाईंना एकदा सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मुके पिक्चर पाहाले एवढ्या दूर गेलते का?" तेव्हा दोघंही हसले होते.

निकिता तीन दिवसांनी आली. बरोबर सुनील राठोड होता. तांड्यावरचा, वडिलांची शेती सांभाळून नगारा वाजवणारा, तिशीतला. वणीत एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासची खोली त्यांनी तालमीसाठी घेतली होती. भिंतीवर अजून गणिताची सूत्रं लावलेली होती. त्यांच्यावरच पांढरी चादर टांगून निकिताने सिनेमा लावला.

गोष्ट साधी होती. बर्फाळ माळावर रेल्वेचं एक छोटं ठाणं. तिथे रूळ बदलणारा सांधेवाला आणि त्याची बायको, दोघंच राहतात. शहरात कारखाना निघतो आणि बायको कामाला निघून जाते. सांधेवाला रोज कंदील घेऊन उभा राहतो, गाडी जाते, तो खिडक्यांकडे बघतो. एका हिवाळ्यात बर्फात अडकून गाडी ठाण्यावरच थांबते. बायको उतरते. केस कापलेले, पायात शहरी बूट. दोघं टेबलाशी बसतात. तो तिला चहा देतो. ती घराकडे बघते: चुलीकडे, खुंटीकडे, पलंगाकडे. मग एक पाटी येते, एकाच शब्दाची. बाहेर रूळ मोकळा होतो, इंजिन वाफ सोडतं. ती खिडकीशी उभी राहते, तिचा चेहरा पडदाभर होतो आणि सिनेमा तिथेच संपतो.

"हा शेवटचा शब्द काय हाय काका?" निकिताने चित्र थांबवून विचारलं.

रामराव चादरीजवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी अक्षरं लावली. "अत्वीक्ला," ते म्हणाले. मग पुन्हा, सावकाश, "अत्वीक्ला." चाळीस वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला होता, आणि उच्चार बरोबर झाला की नाही हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

"म्हंजे?"

"एखाद्या गोष्टीची सवय होते ना, त्याले प्रिवीक्ला म्हणते. हे त्याच्या उलटं. होती थे सवय गेली. म्हणजे थे म्हणते, मले आता ह्याची सवय राह्यली नाही."

"एका शब्दात?"

"एका शब्दात."

सुनील नगाऱ्यावर हात ठेवून बसला होता. "मंग थे गेलीच समजा," तो म्हणाला.

तालीम सुरू झाली आणि रामरावांचा विरस झाला. त्यांच्या कानात पियानो होता. इथे निकिता लॅपटॉपमधून वाऱ्यासारखा घुमणारा आवाज काढत होती, त्यावर कीबोर्डचे सूर सोडत होती, आणि गाडी आली की सुनीलचा नगारा असा वाजायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्याहून कठीण पुढेच होतं. बायको घर सोडून निघते त्या जागी लॅपटॉपमधून एका बाईचं गाणं सुरू झालं. गाणं की रडणं, कळू नये असं. लग्नात मुलगी निघताना तांड्यातल्या बायका गळ्यात पडून म्हणतात, तो ढावलो.

"हे काहून?" रामरावांनी विचारलं. "रशियातली बाई, आन् गाणं तांड्याचं?"

"माही याडी हाय काका, माय," सुनील म्हणाला. "जमनी राठोड. मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तुमाले नाही जमलं का?"

"जमलं, नाही जमलं, असं नाही. तिथं एक बाई पियानो वाजवे. तसं असते ते."

"पियानो कुठून आणू?" सुनील हसला. "आन् थे पडद्यावरची बाई गावखेड्याची हाय. तिले तरी पियानो कुठं मालूम असन?"

रामरावांना ते पटलं नव्हतं, पण पुढच्या तालमीला ते वेळेआधी हजर होते, आणि त्याच्या पुढच्यालाही. घरी एकटे असताना ते पाट्या मोठ्याने म्हणून बघायचे, आधी रशियन, मग मराठी. शब्दकोश काढला तर त्याला वाळवी लागलेली होती. मग आठवून आठवून बोलू लागले. शेजारच्या पुष्पाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "कोणासंगं बोलून राह्यले भाऊ?" "फोनवर," ते म्हणाले, आणि हातात फोन नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

तालमी होता होता कान बदलत गेला. चौथ्या की पाचव्या वेळी ढावलोच्या जागी रामरावांनी पाटी वाचायची म्हणून माईक तोंडाशी नेला आणि त्यांना बोलताच येईना. पडद्यावर बाई बोचकं उचलत होती. नवरा दाराशी उभा होता, टोपी हातात धरून. जमनीचा आवाज वर चढला, फाटला, खाली आला. म्हातारीचा पियानो त्या वेळी रामरावांना आठवला नाही. हैदराबादच्या गाडीत इंदूबाईंना बसवून दिलं तो दिवस आठवला. तेव्हा कुणी रडलं नव्हतं. इंदूबाईंनी खिडकीतून एवढंच सांगितलं होतं, की गॅसचं बटण खालून बंद करत जा.

"काका, पाटी," निकिता म्हणाली.

"हो, हो. पुन्हा लाव."

पहिला खेळ वणीतच होता, एका संस्थेच्या सभागृहात, संध्याकाळी सहाला. साठ-सत्तर माणसं आली. कॉलेजची मुलं, काही शिक्षक, खाणीतले दोन जुने सोबती, आणि रामरावांच्या ओळखीतल्या काही बायका. रामरावांना पडद्याच्या डाव्या बाजूला छोटं टेबल, माईक आणि झाकलेला दिवा दिला होता. त्यांनी लग्नकार्यातला कोट घातला होता.

खेळ चांगला रंगला. गाडी यायची तशी नगाऱ्याची थाप खुर्च्यांच्या पायांतून वर यायची. ढावलो सुरू झाला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. रामराव एकेक पाटी सांगत गेले, आवाज न वाढवता. आता शेवट आला. बायको टेबलाशी बसली. चहा दिला. तिने घराकडे पाहिलं. पडद्यावर तो शब्द उमटला. रामरावांनी तो वाचला, आणि तोंडातून निघालं, "मले सवय हाय ह्याची."

म्हणजे बरोबर उलटं. प्रिवीक्ला.

शब्द गेला तो गेला. निकिताने कीबोर्डवरून वर पाहिलं, क्षणभरच. मग तिचा सूर बदलला. तालमीत जिथे ती गार, तुटक सूर सोडायची तिथे काहीतरी उबदार उमलायला लागलं. सुनीलने तिच्याकडे पाहून नगाऱ्यावर हलक्या बोटांनी ताल धरला. खिडकीशी उभ्या बाईचा चेहरा तोच होता, पण आता तो राहणाऱ्या बाईचा दिसत होता. सिनेमा संपला आणि टाळ्या पडल्या.

माणसं भेटायला आली. एक शिक्षिका म्हणाल्या, "शेवट किती छान! मला वाटलं होतं जाते की काय." जुना सोबती हरिसिंग पाठीवर थाप मारून म्हणाला, "रामराव, तू तर फाडफाड वाचून राह्यलास रशियन!" रामराव सगळ्यांना हो हो म्हणत राहिले. मग वायरी गुंडाळणाऱ्या निकिताजवळ गेले.

"शेवटची पाटी चुकली माही."

"चुकली? मले वाटलं तुमी मुद्दाम बदलली." ती हसली. "भारी झालं काका. लोकाईले आवडलं."

"चुकली. उलटं बोललो मी."

"कोणाले समजलं? इथं रशियन येते कोणाले? तुमी सांगान तेच खरं."

तिने ते कौतुकानेच म्हटलं होतं. पण रामराव घरी येऊन कोट न काढता पलंगावर बसून राहिले. अख्ख्या जिल्ह्यात आपली चूक पकडणारं एकही माणूस नाही. आपण काहीही बोललो असतो. ती म्हणाली पाऊस येईल, ती म्हणाली मले भूक लागली, काहीही, तरी टाळ्या पडल्या असत्या. क्लबातल्या त्या हॉलमध्ये कुणीतरी मागून ओरडलं असतं, हे चूक आहे म्हणून. त्यांना त्या ओरडण्याची एकाएकी फार ओढ लागली. आणि आपली जीभ का घसरली हेही त्यांना कळेना. दहा वेळा बरोबर म्हटलेला शब्द.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फोनवर इंदूबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"लोकं आलते?"

"आलते."

"बरं झालं. जेवून घ्या." तिकडे बाळाने काहीतरी पाडलं आणि फोन ठेवला गेला.

दुसरा खेळ जानेवारीत यवतमाळला ठरला. त्याच्या आठवडाभर आधी निकिता घरी आली. रामराव अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होते. ती थोडी अवघडून खुर्चीवर बसली.

"काका, एक सांगायचं होतं. वणीत काही जण म्हणे, संगीतात तुमचा आवाज दबून राह्यला होता. आन् रशियातला एक पोरगा भेटला ऑनलाईन, त्याच्याजवळ साफ कॉपी हाय, इंग्रजी पाट्यांसगट. आमी आता मराठी पाट्या पडद्यावरच टाकू म्हणतो. म्हणजे बोलायची गरज नाही पडणार."

"बरोबर हाय," रामराव म्हणाले. "वाचता येते ना लोकाईले."

"तुमी याच पण. पहिल्या रांगेत बसा."

"येतो ना."

तिने बॅगेतून लॅपटॉप काढला. "सगळ्या पाट्या तुमच्याच ठेवल्या. शब्द अन् शब्द. फक्त शेवटची राह्यली. त्या पोराच्या इंग्रजीत तुमी आधी सांगितलं तसंच हाय, सवय राह्यली नाही. पण वणीत जे झालं तेही मस्त होतं. कोणती टाकू? तुमी सांगा."

रामरावांनी शेंगांमधून हात फिरवला. मनात आलं, राहू द्यावी त्या बाईला. कुणाचं काय बिघडतं? त्या शिक्षिकेला बरं वाटलं होतं, हरिसिंगला बरं वाटलं होतं. त्यांना स्वतःलाही, खरं सांगायचं तर, ते उबदार सूर ऐकताना घटकाभर बरं वाटलं होतं. त्यांनी वर पाहिलं. निकिता उत्तराची वाट बघत होती.

"तिनं जे म्हटलं हाय थेच टाक," ते म्हणाले. "आपल्याले काय हक्क हाय तिच्या तोंडात शब्द टाकायचा."

"नक्की?"

"नक्की. चहा ठेवू का?"

यवतमाळला ते दुपारच्या एसटीने गेले. सभागृह मोठं होतं आणि बरंचसं भरलं होतं. पहिल्या रांगेत त्यांना अवघडल्यासारखं झालं, म्हणून ते मधे, एका रिकाम्या खुर्चीवर बसले. हातात माईक नव्हता, पुढची पाटी कोणती याची काळजी नव्हती. दिवे गेले. वारा घुमायला लागला, आणि त्यांच्या लक्षात आलं की इतक्या तालमी करूनही त्यांनी हा सिनेमा अजून पाहिलाच नव्हता. सांधेवाला कंदील पुसताना आधी काचेवर तोंडाने वाफ सोडतो, ते त्यांना आज दिसलं. बायको निघून गेल्यावर तो टेबलावर दोन कप मांडतो, मग एक उचलून ठेवतो, आणि त्या जागी निकिता फक्त एक सूर दाबून धरते, कप फळीवर पोचेपर्यंत. तेही आज ऐकू आलं. नगारा आला तेव्हा छातीत धडधडलं. ढावलोला त्यांनी डोळे पुसले, अंधार होता म्हणून मोकळेपणाने.

मग टेबल, चहा, तिची घरभर फिरणारी नजर. पाटी आली: मला आता ह्याची सवय राहिली नाही.

त्या क्षणी सगळं वाजणं थांबलं. वाराही. ह्या वेळी निकिता-सुनीलने शेवटाला काहीच संगीत ठेवलं नव्हतं. बाई खिडकीशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावरून वाफेच्या सावल्या जात होत्या, आणि तेवढ्या मोठ्या सभागृहात कुणी खोकलंही नाही. रामरावांच्या उजवीकडे एक तरुण जोडपं होतं, डावीकडे स्वेटर घातलेला म्हातारा. सगळे एकाच वेळी तेच बघत होते. पडदा काळा झाला तरी टाळ्या यायला वेळ लागला.

सुनील भेटला, घामाने भिजलेला. "काका, जमलं का आता?"

"जमलं," रामराव म्हणाले. "तुह्या मायले सांग, फार जमलं म्हणून."

ते लोक पुढच्या महिन्यात नागपूरला, मग पुण्याला जाणार होते. निकिता म्हणाली, चला आमच्यासंगं. तूर काढायची आहे, रामराव म्हणाले. ते खरंही होतं.

परतीच्या एसटीत मारेगावच्या आधी इंदूबाईंचा फोन आला. नेहमीपेक्षा उशिरा. बाळ झोपलंय, त्या म्हणाल्या, म्हणून केला. रामरावांनी खिडकी लावून घेतली आणि विचारलं नसताना सांगायला सुरुवात केली. माळावरचं ठाणं, कंदील, कारखाना, ढावलो, दोन कप. इंदूबाई मधे हूं हूं करत ऐकत होत्या. बर्फात गाडी अडकली, ती उतरली, टेबलाशी बसली, काय म्हणाली.

"मंग?" इंदूबाईंनी विचारलं.

"मंग संपला पिक्चर."

"असं कसं? थे गेली का राह्यली?"

"दाखवलंच नाही."

"तिकडं थंडी पडली असन," इंदूबाई म्हणाल्या.

"पडली."

"मोठी गोधडी दिवाणात हाय. काढली का?"

"काढतो."

"आज काढा. रोज उद्यावर टाकता."

तेवढ्यात बाळ उठलं. इंदूबाईंनी फोन तसाच कुठेतरी ठेवला, बंद करायचा राहिला. रामरावांनी कानापासून काढला नाही. तिकडचं घर ऐकू येत होतं. बाळाचं कुरकुरणं, इंदूबाईंचं ओ ओ माह्या राजा, बांगड्या, नळ, कुठेतरी कुकरची शिट्टी, अर्पिताने काहीतरी विचारलेलं, जावयाचं हसणं. एसटी मारेगावला थांबली, माणसं चढली-उतरली. एका बाईने शेजारी बसायला जागा मागितली, तेव्हा ते मांडीवरची पिशवी सावरून, फोन कानालाच धरून, खिडकीकडे सरकले.